मुदत ठेव मोडताना
लिंगबदलाच्या खर्चाचा आणि त्याभोवतीच्या फसवणुकीचा इतिहास

2018च्या पावसाळ्यात आमच्या पतसंस्थेच्या खिडकीवर चोवीस वर्षांची एक व्यक्ती मुदत ठेव मोडायला आली. ठेव एक लाख ऐंशी हजारांची, मुदत संपायला सात महिने बाकी. मुदतीआधी मोडली तर व्याज कापलं जातं, हे सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं.

"व्याजाचं जाऊ द्या काका. पाच महिन्यांत दुप्पट मिळणार आहेत."

नियमाप्रमाणे मी पुढे विचारायला नको होतं. तरी विचारलं, कशासाठी जमवलेत? ती थोडी थांबली. मागे रांगेत कुणी नाही हे पाहून हळू आवाजात म्हणाली, ऑपरेशनसाठी. कसलं ऑपरेशन तेही सांगितलं. पासबुकावर मुलाचं नाव होतं. मी इथे 'ती' लिहितो, कारण ती स्वतःविषयी तसंच बोलत होती. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा तिच्या ठेवीच्या दुपटीच्या आसपास होता, आणि कुणीतरी तिला नेमकं दुपटीचं गणित दाखवलं होतं.

मी व्हाउचर केलं, सही घेतली, पैसे दिले. दिवाळीनंतर कळलं की त्या योजनेच्या गाळ्याला कुलूप लागलंय.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेतून बारावी झालो आणि खतावणी लिहीत आयुष्य गेलं. पण खतावणी लिहिणाऱ्याला एक सवय लागते: कुठल्याही गोष्टीपुढे तो विचारतो, पैसा आला कुठून आणि गेला कुठे. लिंगबदलाचा वैद्यकीय आणि कायदेशीर इतिहास बराच लिहिला गेला आहे. त्याच्या खर्चाची बाजू मात्र त्या लेखनात विखुरलेली सापडते. गेल्या काही वर्षांत मी ती एकत्र करत गेलो. तो हिशेब इथे मांडतो आहे.

शब्दांविषयी एक खुलासा. आज 'लिंगबदल' याऐवजी 'लिंगपुष्टी शस्त्रक्रिया' असं म्हणायचा आग्रह धरला जातो आणि तो योग्य आहे. जुन्या काळाविषयी लिहिताना मी जुना शब्दही वापरला आहे.

बर्लिन: फीऐवजी घरकाम

मॅग्नस हिर्शफेल्ड या डॉक्टरने 1919 साली बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. पुरुष म्हणून जन्माला येऊन स्त्री म्हणून जगू पाहणाऱ्या डोरा रिश्टरवर या संस्थेच्या देखरेखीखाली 1922 ते 1931 या काळात टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया झाल्या. अशा शस्त्रक्रियांच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक.

डोरा या संस्थेतच मोलकरीण म्हणून काम करत होती. तिच्यासारख्या आणखी काहीजणीही तिथे कामाला होत्या, कारण बाहेर त्यांना कोणी कामावर ठेवत नसे. म्हणजे उपचार आणि पोटापाण्याची सोय एकाच छपराखाली होती. या पहिल्या पानावर दलाल नाही, सावकारही नाही. मे 1933 मध्ये नाझींनी संस्था लुटली आणि तिथली पुस्तकं जाळली. ते छप्पर गेलं.

कोपनहेगन: 465 माणसांची पत्रं

1 डिसेंबर 1952 रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'ने पहिल्या पानावर बातमी दिली: अमेरिकी सैन्यात काम केलेला एक तरुण डेन्मार्कमध्ये उपचार घेऊन स्त्री झाला आहे. ती ख्रिस्टीन जॉर्गेन्सन. डॉ. ख्रिश्चन हॅम्बर्गर यांनी तिच्यावर उपचार केले, आणि ते संशोधनाचा भाग म्हणून विनामूल्य केले. बातमीने ती जगप्रसिद्ध झाली. पुढे तिने आपली जीवनकथा एका साप्ताहिकाला विकली आणि रंगमंचावरच्या कार्यक्रमांवर चरितार्थ चालवला.

या बातमीनंतर हॅम्बर्गर यांच्याकडे जगभरातून पत्रं येऊ लागली. 1953 साली त्यांनी त्या पत्रांवर एक निबंध लिहिला. पत्रं लिहिणारी माणसं होती 465. पण परदेशी माणसांची रीघ लागेल या धास्तीने डेन्मार्कने हे उपचार बाहेरच्यांसाठी बंद केले. एकीला विनामूल्य मिळालेली गोष्ट बाकीच्यांना पैसे देऊनही मिळेना.

माझ्या वाचनात फसवणुकीची जमीन इथे तयार झाली. मागणी जगाला दिसली, पत्ता छापून आला, आणि दार लागलं. मागणी उघड आणि पुरवठा बंद असला की मधल्या जागेत कोण येऊन उभं राहतं, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्याकडे रॉकेलच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही ते ठाऊक आहे.

कॅसाब्लांका: साठवलेला पैसा

त्या मधल्या जागेत आधी आला एक खरा डॉक्टर. जॉर्ज बुरू हा फ्रेंच स्त्रीरोगतज्ज्ञ मोरोक्कोतल्या कॅसाब्लांका शहरात दवाखाना चालवत असे. 1956पासून त्याने या शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्याचं तंत्र पुढे अनेक देशांतल्या शल्यविशारदांनी उचललं. फी मात्र रोख होती आणि प्रवासाचा खर्च वेगळा.

ती फी आली कुठून? पहिल्या पिढीत मोठ्या प्रमाणावर पॅरिसच्या रंगमंचावरून. 'ल कारुसेल'सारख्या नाइट क्लबमध्ये नाचगाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या कलावंतांनी वर्षानुवर्षं पैसे साठवले. इंग्लंडची एप्रिल ॲशली 1960 साली कॅसाब्लांकाला गेली ती सुमारे 3,000 पौंड साठवून. ज्येष्ठ ब्रिटिश लेखिका जॅन मॉरिस 1972 साली तिथे गेल्या तेव्हा त्या नावाजलेल्या पत्रकार होत्या.

या दोघींचं नाव इतिहासात राहिलं, कारण त्यांच्याकडे पैसे जमले. ज्यांचे जमले नाहीत, किंवा जमलेले वाटेत कुणी नेले, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. या विषयाचा अभ्यास करताना ही गोष्ट सारखी आठवणीत ठेवावी लागते. खतावणीत फक्त पूर्ण झालेले व्यवहार दिसतात.

बाल्टिमोर ते तिहुआना

1966 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स या नामांकित रुग्णालयाने लिंगओळखीचा स्वतंत्र विभाग उघडला. पहिल्या अडीच वर्षांत तिथे जवळपास 2,000 जणांनी विनंती केली. शस्त्रक्रिया झाल्या 24. उरलेले परतले. 1979 साली तो विभागही बंद झाला. 1981नंतर वृद्ध आणि अपंगांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने हा खर्च प्रायोगिक ठरवून नाकारला. ती बंदी उठली 2014 साली.

या बंद दारांच्या काळात दोन प्रकारची माणसं पुढे आली. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड या खाणकामगारांच्या छोट्या गावात डॉ. स्टॅन्ली बायबर यांनी 1969पासून गावच्या रुग्णालयात उघडपणे शस्त्रक्रिया केल्या आणि नाव कमावलं. खाजगी म्हणजे लबाड असं समीकरण मांडता येत नाही, हे बायबर यांच्यामुळे लक्षात येतं.

दुसरा जॉन रोनाल्ड ब्राउन. कॅलिफोर्नियाने 1977 साली त्याचा वैद्यकीय परवाना रद्द केला. तरी तो सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात शस्त्रक्रिया करत राहिला. त्याचं आकर्षण दोन गोष्टींत होतं: फी कमी, आणि प्रश्न नाहीत. मोठ्या रुग्णालयात महिनोन्महिने तपासण्या आणि नकार, ब्राउनकडे लगेच तारीख. अनेकजण कायमचे अधू झाले. विनापरवाना वैद्यकीय व्यवसाय केल्याबद्दल 1990मध्ये त्याला तुरुंगवास झाला, सुटल्यावर पुन्हा तेच. शेवटी 1998 साली त्याने एका वृद्ध माणसाचा धडधाकट पाय कापला आणि तो माणूस मेला. या मृत्यूचा लिंगबदलाशी संबंध नव्हता. पण त्याच खटल्यात 1999 साली ब्राउन खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला. तुरुंगातच 2010 साली तो वारला.

परवाना गेल्यापासून शिक्षेपर्यंत बावीस वर्षं. इतकी वर्षं तो चालला कसा? ज्यांचं वाटोळं झालं, त्यातल्या बहुतेकांना तक्रार करणं म्हणजे स्वतःला उघडं पाडणं होतं. लबाडाचं खरं भांडवल हेच: समोरच्याचं गुपित.

याच काळात एक चांगलं कामही झालं. रीड एरिक्सन हा स्वतः स्त्रीचा पुरुष झालेला श्रीमंत उद्योजक. 1964 साली त्याने एक प्रतिष्ठान काढलं. त्या प्रतिष्ठानने संशोधनाला पैसे दिले, पण त्याहून मोलाचं म्हणजे माहितीपत्रकं छापली आणि विश्वासू डॉक्टरांची नावं विचारणाऱ्यांना कळवली. मला वाटतं, ब्राउनसारख्यांपासून जितके लोक वाचले त्यांत पोलिसांपेक्षा या साध्या पत्रकांचा वाटा मोठा असावा.

आपल्याकडची वही

आता घराकडे वळू. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने मुंबई इलाख्याच्या कागदपत्रांवरून 1987 साली एक निबंध लिहिला. त्यातून दिसतं की मराठी राज्यात काही हिजड्यांना गावोगाव भिक्षा घेण्याचा परंपरागत हक्क होता, काहींकडे इनाम जमिनी होत्या, आणि हे हक्क सरकारदरबारी मान्य होते. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांच्या हक्कांच्या शेजारीच हाही एक हक्क. इंग्रज अमलात मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याला पाठबळ देणं थांबवलं. हक्काचं उत्पन्न होतं, ते आता नुसतं मागणं झालं.

उत्तर हिंदुस्थानात याहून पुढचं पाऊल पडलं. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता. त्यांची नोंदवही ठेवायची आणि मालमत्तेची माहिती मागायची अशी त्यात तरतूद होती. नोंद झालेल्या व्यक्तीला मृत्युपत्र करता येत नसे, बक्षीसपत्र करता येत नसे, दत्तक घेता येत नसे. गुन्ह्याच्या कलमांवर बरंच लिहिलं जातं. मला त्यातली ही पैशाची कलमं जास्त बोलकी वाटतात. ज्या माणसाला स्वतःची मालमत्ता कुणाला देता येत नाही, त्याची पत बाजारात काय राहणार?

मग पत कुणी दिली? गुरूने. सेरेना नंदा यांच्या 1990च्या अभ्यासात हे अर्थकारण नीट आलं आहे. निर्वाणाचा, म्हणजे पारंपरिक शस्त्रक्रियेचा, आणि नंतरच्या चाळीस दिवसांच्या विश्रांतीचा खर्च गुरू उचले. चेला पुढे कमाईतून तो फेडत राही. गुरूने आजारपणात सांभाळलं, छप्पर दिलं, हे खरं. कर्ज कधी संपलं ते गुरूनेच ठरवलं, हेही खरं. सावकारी आणि माया एकाच वहीत असली की हिशेब तपासायला कुणी धजत नाही.

डॉक्टरांकडे जावं तर तिथे दंडसंहिता आडवी येई. 1860च्या भारतीय दंडसंहितेच्या 320व्या कलमात गंभीर दुखापतीची जी यादी होती तिच्यात पहिलंच नाव पुरुषत्वहरणाचं होतं. रुग्णाच्या संमतीने, उपचार म्हणून केलेली शस्त्रक्रिया वेगळी, पण बऱ्याच डॉक्टरांनी त्या भानगडीत पडायचं टाळलं. मग उरली दाई किंवा आडबाजूचा भोंदू दवाखाना. कोपनहेगन आणि बाल्टिमोरमध्ये घडलं तेच इथे वेगळ्या कारणाने घडलं.

दुपटीचं गणित

आतापर्यंत शस्त्रक्रियेच्या नावाने लुबाडणाऱ्यांविषयी लिहिलं. माझ्या खिडकीवर आलेली फसवणूक त्याआधीच्या पायरीवरची होती: पैसे जमवतानाची.

ही जातही जुनीच. 1920 साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने 45 दिवसांत पन्नास टक्के आणि 90 दिवसांत दुप्पट, असं वचन दिलं. जुन्यांचं व्याज नव्यांच्या ठेवीतून द्यायचं, इतकाच धंदा. ऑगस्टमध्ये तो कोसळला. आपल्याकडे बक्षीस भिशी आणि साखळी योजनांचं पीक इतकं वाढलं की 1978 साली संसदेला त्यांवर बंदीचा कायदा करावा लागला. महाराष्ट्राने 1999 साली ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला, केंद्राने 2019 साली अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आणली. प्रत्येक कायद्यामागे हजारो मोडलेल्या ठेवी आहेत.

लोक म्हणतात, हाव असते म्हणून माणूस फसतो. खिडकीवर बसून मी तेच मानत होतो. पण त्या मुलीला हाव नव्हती. तिला मजला चढवायचा नव्हता की गाडी घ्यायची नव्हती. घरी सांगता येत नाही, म्हणून घरचं तारण नाही. कागदावर एक नाव आणि चेहरा दुसरा, म्हणून बँकेचं कर्ज नाही. पगारातून साठवावं तर दरवर्षी खर्चाचा आकडा पुढे सरकतो. रोज आरशात पाहावं लागतं, म्हणून थांबवत नाही. आणि बुडाले तर पोलीस ठाण्यात विचारतील, पैसे कशाचे? ठकसेनाला याहून सोयीचं गिऱ्हाईक कोणतं? त्याने तिची हाव हेरली नाही, निकड हेरली.

आता गाळा भाड्याने घ्यायचीही गरज उरलेली नाही. मोबाइलवर घरबसल्या कामाचा निरोप येतो, चार-पाचशे रुपये खरोखर जमा होतात, मग मोठं काम मिळवण्यासाठी आधी अनामत भरा म्हणतात. लोकांकडून मदत गोळा करण्याची सोय झाली, तशी 'तुमचं आवाहन हजारो दात्यांपर्यंत पोचवतो, आधी फी भरा' म्हणणारेही आले. झटपट कर्ज देणारी ॲपं फोनमधले सगळे क्रमांक ओढून घेतात आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करण्याची धमकी देतात. ज्याने घरी काही सांगितलेलं नाही, त्याच्यावर ही धमकी किती चालत असेल, याची कल्पना करता येते. ब्राउनचं भांडवल तेच होतं.

उघडलेली दारं

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःचं लिंग ठरवण्याचा अधिकार मान्य केला. 2019च्या कायद्याने शस्त्रक्रिया आणि संप्रेरक उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, विम्याची तरतूदही सांगितली. ऑगस्ट 2022मध्ये केंद्राच्या दोन यंत्रणांत आयुष्मान भारत योजनेतून तृतीयपंथीयांना वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा करार झाला. तामिळनाडू याच्या बरंच आधी जागं झालं होतं. 2008 साली तिथे कल्याण मंडळ निघालं आणि सरकारी रुग्णालयांत विनामूल्य शस्त्रक्रिया सुरू झाल्या. महाराष्ट्रात मंडळ आलं 2020 साली.

करार होणं आणि रुग्णालयात खाट मिळणं यांत अंतर असतं, हे मला कुणी सांगायला नको. तरीही, वर आलेला सगळा हिशेब एकाच बाजूला झुकतो. जिथे सरकारी दार उघडं राहिलं तिथे दलालाला जागा कमी राहिली. जिथे ते लागलं तिथे तो दुसऱ्या दिवशी हजर.

शंभर वर्षांच्या या वहीतून मला चार खुणा सापडल्या. पहिली, घाई: आजच भरा, उद्या जागा जाईल. दुसरी, गुप्तता: कुणाला सांगू नका. तिसरी, आधी पैसे: मिळवण्यासाठी भरा. चौथी, व्यक्तीच्या नावाचं खातं. चारांतल्या दोन जरी दिसल्या तरी पाय मागे घ्यावा. फी नेहमी रुग्णालयाच्या खात्यात भरावी, खर्चाचा अंदाज बाबवार लेखी घ्यावा, डॉक्टरांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे तपासावी. मदत करणाऱ्यांनीही पैसे थेट रुग्णालयाला द्यावेत. ऑनलाइन पैसे गेले तर त्याच तासाला 1930 या क्रमांकावर फोन करावा. पैसे कशासाठी जमवले होते, याचा जाब ठेवीदाराने कुणालाही देणं लागत नाही.

हे सगळं मला 2018 साली माहीत नव्हतं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात पोलीस दलातल्या एका कर्मचाऱ्यावर अशी शस्त्रक्रिया झाली होती. सगळ्या मराठी वर्तमानपत्रांत ती बातमी होती. मी ती वाचली होती, आणि चहाच्या वेळी त्यावर दोन विनोदही ऐकले होते. दोन महिन्यांनी ती मुलगी समोर उभी असताना मला ती बातमी आठवली नाही. एरिक्सनने छापली तसली एका पानाची माहिती मी तोंडी देऊ शकलो असतो.

2022 साली ती पुन्हा खिडकीवर आली. हातात जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं ओळखपत्र होतं आणि नावबदलाचा अर्ज. जुनं खातं शून्यावर आलं होतं, बंद मात्र केलं नव्हतं. मी नवीन नाव खतावणीत चढवलं. तिने दरमहा दोन हजारांचं आवर्त ठेव खातं उघडलं. पावती देताना मी एका कागदावर दोन सरकारी रुग्णालयांची नावं आणि ते चार मुद्दे लिहून दिले. तिने कागद वाचला, घडी घालून पासबुकात ठेवला आणि म्हणाली, "काका, हे इथे भिंतीवर का नाही लावत?"

आता ते भिंतीवर आहे. व्याजदराच्या फलकाशेजारी.